टिन्शो सरोवरातली फेरी, फेब्रुवारी १९४४: घातपात युद्धात कधी बसतो आणि कधी नाही

२० फेब्रुवारी १९४४, रविवार, सकाळचे पावणेअकरा. नॉर्वेच्या टेलेमार्क भागात टिन्शो नावाचं एक लांबट आणि प्रचंड खोल सरोवर आहे, तिथे एक रेल्वे-फेरी, म्हणजे जिच्यावर मालगाडीचे डबे रुळांवरून थेट चढवतात अशी बोट, स्फोट होऊन काही मिनिटांत बुडाली. १८ माणसं गेली. चार जर्मन सैनिक आणि चौदा साधे नॉर्वेजियन, कोणी प्रवासी तर कोणी बोटीवरचा नोकर. आणि बॉम्ब ठेवणारेही नॉर्वेजियनच होते, ब्रिटनने ट्रेनिंग दिलेले आणि त्यांना साथ देणारे तिथलेच स्थानिक.

घातपात आणि दहशतवादी हल्ले हे युद्धाचा भाग म्हणून मान्य करता येतील का, हा विषय निघाला की मला हेच प्रकरण सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण इथे बॉम्ब ठेवणारे चांगल्या बाजूचे आहेत यावर कुणाचंच दुमत नाही आणि तरीही चौदा निरपराध माणसं मेलीच. म्हणजे बाजू बघून निकाल लावायची सोय इथे राहत नाही. मोजक्याच माणसांची नावं घेतलीत, बाकीच्यांचा उल्लेख कामावरून केलाय.

पार्श्वभूमी

रयुकान गावाजवळ वेमोर्कला नॉर्स्क हिड्रो कंपनीचं मोठं जलविद्युत केंद्र, आणि त्याला लागून हायड्रोजन बनवणारा कारखाना. मुळात हे सगळं खतासाठी. पण पाण्याचं विद्युत विघटन करता करता शेवटी जे उरतं त्यात जड पाण्याचं, म्हणजे ज्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो अशा पाण्याचं, प्रमाण वाढत जातं, आणि १९३४ पासून तिथे ते वेगळं काढायला लागले होते. त्या काळात एवढ्या प्रमाणावर जड पाणी दुसरीकडे कुठेच बनत नव्हतं.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला आणि पुढे हा कारखानाही त्यांच्या हातात गेला. युरेनियमची अणुभट्टी चालवायची तर न्यूट्रॉनचा वेग कमी करणारं काहीतरी लागतं, जर्मन शास्त्रज्ञांनी ग्राफाइट चालणार नाही असा निष्कर्ष काढलेला, त्यामुळे त्यांची सगळी भिस्त जड पाण्यावर. लंडनमध्ये हे कळल्यावर तिथली झोप उडाली, आणि ते समजण्यासारखं आहे, कारण हिटलरच्या हातात अणुबॉम्ब गेला तर पुढे काय हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता.

फेरीच्या आधी तीन प्रयत्न झाले. ते थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याशिवाय फेरीचा निर्णय कळत नाही.

पहिला नोव्हेंबर १९४२ चा. ब्रिटिश सैनिकांना ग्लायडरमधून, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातून, उतरवायचं ठरलं, दोन्ही ग्लायडर खराब हवेत कोसळले, आणि जे जिवंत सापडले त्यांना युनिफॉर्ममध्ये असूनही जर्मनांनी मारून टाकलं. हिटलरने आदल्याच महिन्यात, १८ ऑक्टोबरला, गुप्त आदेश काढला होता की कमांडो सापडला तर जिवंत ठेवायचा नाही.

दुसरा २७-२८ फेब्रुवारी १९४३ च्या रात्रीचा. योआखिम रोन्नेबर्गच्या हाताखालची नॉर्वेजियन टीम बर्फातून घळ ओलांडून रेल्वेच्या रुळांवरून कारखान्याच्या आवारात घुसली. रोन्नेबर्ग आणि त्याचा एक जोडीदार केबलच्या अरुंद बोगद्यातून सरपटत तळघरात गेले आणि जड पाण्याच्या अठराही सेलना, म्हणजे विद्युत विघटनाच्या भांड्यांना, स्फोटकं लावली. आत एक नॉर्वेजियन पहारेकरी होता. वात पेटवायची वेळ आली आणि हा माणूस म्हणतो माझा चष्मा सापडत नाहीये, युद्धाच्या दिवसांत नवा मिळायचा नाही. तर ते सगळं काम थांबवून चष्मा शोधून दिला, मग त्याला वर पळायला सांगितलं, मग वात पेटवली. एकही माणूस मेला नाही, ना नॉर्वेजियन ना जर्मन. जाताना ब्रिटिश सैनिक वापरायचे तसली बंदूक मुद्दाम मागे सोडली, म्हणजे हे काम सैनिकांचं आहे हे जर्मनांना कळावं आणि गावावर सूड निघू नये. नॉर्वेतला जर्मन सेनापती फाल्केनहोर्स्ट स्वतः बघायला आला आणि लष्करी कारवाई म्हणून त्याने त्या कामाची तारीफच केली अशी नोंद आहे.

पण काही महिन्यांत जर्मनांनी उत्पादन परत सुरू केलं. मग तिसरा प्रयत्न, १६ नोव्हेंबर १९४३, शंभरावर अमेरिकन बॉम्बर विमानं. बॉम्ब शेकड्यांनी पडले, वीसच्या वर स्थानिक माणसं मेली, त्यातली बरीच आसऱ्यासाठी बांधलेल्या शेल्टरमध्येच. आणि तळघरातला जड पाण्याचा साठा जवळजवळ तसाच राहिला. लंडनमध्ये परागंदा असलेल्या नॉर्वे सरकारने यावर आपल्याच मित्रराष्ट्रांकडे निषेध नोंदवला. हा हल्ला लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचंय.

अडचण

बॉम्बहल्ल्यानंतर जर्मनांनी ठरवलं की इथे आता राम नाही, तयार असलेला साठा आणि उपकरणं जर्मनीला हलवायची. चाळीसेक ड्रम, वेगवेगळ्या तीव्रतेचं जड पाणी. रस्ता ठरलेला होता: कारखान्यातून रेल्वेने सरोवराच्या धक्क्यापर्यंत, तिथून फेरीवर डबे चढवून पलीकडे, परत रेल्वे, मग बंदर.

क्नुट हाउकेलिड हा १९४३ च्या टीममधला माणूस मागे डोंगरातच राहिला होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये वायरलेसवर त्याला लंडनचा निरोप आला की हा माल जाऊ देऊ नका. हाताशी वेळ काही दिवसांचा. माणसं मोजकी, त्यातली बहुतेक कारखान्यातली किंवा गावातली, आणि बर्फातून टोळी उतरवून मोठा हल्ला करणं एवढ्यात शक्यच नव्हतं.

समोरचे पर्याय

एक, कारखान्यातच साठा उडवायचा. पण आधीच्या धाडीनंतर आणि बॉम्बिंगनंतर तिथे पहारा इतका वाढलेला की चार-पाच माणसांनी आत शिरणं म्हणजे आत्महत्या.

दोन, धक्क्याकडे जाणारी गाडी उडवायची. रुळाजवळ एके ठिकाणी स्फोटकांचा साठा होता, त्याचा वापर करता येईल का हाही विचार झाला. पण गाडीबरोबर सैनिक होते, नॉर्वेजियन माणसं त्यातही मेली असती, आणि मुख्य म्हणजे जमिनीवर सांडलेले ड्रम उचलता येतात. काम अर्धवट राहण्याची शक्यता जास्त.

तीन, फेरी बुडवायची. सरोवर जिथे सगळ्यात खोल तिथे चारशे मीटरच्या वर खोली, तिथून कुणी काही वर काढू शकलं नसतं. पण फेरी ही रोजची पॅसेंजर बोट. गावातली माणसं तिच्यावरूनच ये-जा करायची.

चार, पुढे बंदरात किंवा समुद्रात मित्रराष्ट्रांनी जहाज गाठावं. यात स्थानिकांच्या हातात काहीच नाही, आणि एवढं करून ते जहाज सापडेल याची खात्री कोण देणार.

पाच, काही करायचंच नाही. हा पर्याय लोक विसरतात पण त्या गटाने तो खरंच मांडला. स्थानिकांचं मत साधारण असं की एवढं पाणी गेल्याने जर्मनांचं फार साधेल असं वाटत नाही, पण सूड मात्र आमच्या लोकांवर निघेल. ही भीती हवेतली नव्हती. १९४२ मध्ये तेलावोग नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात गेस्टापोचे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचे, दोन अधिकारी मारले गेले तेव्हा जर्मनांनी अख्खं गाव जमीनदोस्त केलं, पुरुषांना छळछावणीत पाठवलं, त्यातले ३१ परत आलेच नाहीत. नॉर्वेत सगळ्यांना हे माहीत होतं.

म्हणून हाउकेलिडने लंडनला सरळ विचारलं: सूड ओढवून घ्यावा एवढं हे महत्त्वाचं आहे का? उत्तर लगेच आलं, थोडक्यात असं की विचार झालाय, जड पाणी नष्ट होणं फार महत्त्वाचं आहे, फार मोठी हानी न होता जमेल अशी आशा.

माझ्या मते प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णयबिंदू हाच. प्रश्न विचारला गेला ही मोठी गोष्ट, कित्येक हल्ल्यांमध्ये तो विचारलाच जात नाही. पण उत्तर बघा. जर्मन बॉम्बच्या किती जवळ आहेत, हा साठा गेला तर त्यांचं नेमकं किती अडेल, हे ज्यांना माहीत असण्याची शक्यता होती ते लंडनला बसलेले, आणि ज्यांना स्वतःच्या गावातली माणसं बुडवायची होती त्यांच्या हातात फक्त एक वाक्य आणि एक आशा.

प्रत्यक्षात काय केलं

फेरी ठरल्यावर गटाने माणसं कमी मरावीत म्हणून जे जमेल ते केलं, आणि ते नीट बघण्यासारखं आहे.

कारखान्यातल्या लोकांनी पाठवणीचं काम असं लांबवलं की माल रविवारच्या फेरीने जावा, कारण रविवारी प्रवासी सगळ्यात कमी. हाउकेलिड आधी कामगाराच्या वेशात स्वतः त्या फेरीने जाऊन आला, घड्याळ लावून बघितलं की निघाल्यापासून किती वेळाने बोट सगळ्यात खोल पाण्यावर येते. स्फोटकं बोटीच्या पुढच्या टोकाला तळाशी ठेवायची ठरली. कारण तिथे भोक पडलं की नाक पाण्यात जातं, मागची बाजू वर उचलली जाते, सुकाणू आणि पंखे पाण्याबाहेर, म्हणजे कप्तानाला बोट किनाऱ्याला लावता येणार नाही, आणि डबे रुळांवरून घरंगळून पुढे पाण्यात. भोक केवढं हवं याचाही हिशोब होता: बोट काही मिनिटं तरंगायला हवी, किनारा गाठण्याइतका वेळ नको पण लोकांना बाहेर पडता येईल एवढा मिळावा. साधारण साडेआठ किलो प्लास्टिक स्फोटक, सॉसेजसारखं लांब गुंडाळून वर्तुळात लावलेलं, आणि टायमरला घंटा काढून टाकलेली दोन अलार्मची घड्याळं.

शनिवारी रात्री तिघे बोटीवर गेले. जर्मनांनी डब्यांना पहारा लावला होता पण फेरीवर त्यांचं कुणी नव्हतं, ही त्यांची चूक. बोटीवरच्या नॉर्वेजियन पहारेकऱ्याने या लोकांना हटकलं, त्यांनी सांगितलं गेस्टापो मागे लागलीये, लपायला जागा हवी, आणि त्या भल्या माणसाने खालची जागा दाखवली. खाली गुडघाभर थंड पाण्यात बसून घड्याळं जोडली. परत निघताना हाउकेलिडने त्याचा हात हातात घेऊन आभार मानले, काही बोलला नाही. त्याला सावध करायचं मनात होतं, पण वेमोर्कच्या धाडीनंतर तिथल्या पहारेकऱ्यांची काय गत झाली हे आठवून गप्प बसला, असं त्याने नंतर सांगितलंय.

गटातल्या एकाची आई नेमकी त्याच फेरीने जाणार होती. त्याने तिला काही सांगितलं नाही, जेवणात असं काहीतरी घातलं की तिचं पोट बिघडलं आणि ती घरी राहिली. कारखान्यातला इंजिनियर आदल्या संध्याकाळी जेवायला गेला तिथे बाहेरगावचा एक व्हायोलिन वाजवणारा पाहुणा भेटला, तो म्हणाला उद्याच्या फेरीने निघतोय. इंजिनियरने आग्रह केला की एक दिवस थांबा, इथे स्कीइंग छान होतं, पण तो थांबला नाही. तो नशिबाने वाचला.

फेरी दहाला निघाली आणि पावणेअकराला स्फोट झाला. किनाऱ्यावरचे शेतकरी होड्या वल्हवत पोचले आणि जेवढे सापडले तेवढे बाहेर काढले. हाउकेलिड आणि तो इंजिनियर तोवर स्वीडनच्या वाटेवर होते.

निष्पत्ती

जड पाणी बुडालं. काही अर्धवट भरलेले ड्रम वर तरंगले ते जर्मनांनी उचलले, बाकी तळाशी गेलं. पुढे कित्येक वर्षांनी संशोधकांनी तळातून एक ड्रम वर काढून तपासला, त्यात खरंच जड पाणी निघालं.

जर्मन अणुप्रकल्पाला १९४५ मध्ये जर्मनीतल्या हायगरलॉखला शेवटची भट्टी उभी करताना जड पाणी कमी पडलं आणि ती साखळी प्रक्रिया टिकण्यापर्यंत पोचलीच नाही. प्रकल्पातला शास्त्रज्ञ कुर्ट डिब्नर युद्धानंतर म्हणाला होता की नॉर्वेतून पुरवठा तुटला हे अपयशाचं मुख्य कारण. पण जर्मनीने १९४२ च्या मध्यालाच बॉम्बचा मोठा कार्यक्रम हाती न घेण्याचं ठरवलेलं, आणि हे मित्रराष्ट्रांना पक्कं कळलं १९४४ च्या शेवटाला. म्हणजे आज बसून हिशोब केला तर त्या चौदा जणांच्या मरणाने बॉम्ब थांबला असं म्हणता येत नाही.

यावरून काही लोक म्हणतात की मग ते कृत्य चूकच. मला हे पटत नाही. निर्णय घेणाऱ्याला त्या दिवशी जे माहीत होतं आणि जे कळून घेता आलं असतं त्यावरच त्याला तोललं पाहिजे, नंतर उघडलेल्या कागदांवर नाही.

मग हा दहशतवाद होता का

इथे दोन वेगळे प्रश्न नेहमी एकात कालवले जातात. हल्ला करणारा कोण, हा एक. हल्ला कशावर, हा दुसरा.

पहिल्यावर १९०७ च्या हेग नियमांप्रमाणे उत्तर सोपं आहे. युनिफॉर्ममधला कमांडो हा सैनिक, पकडला तर युद्धकैदी. फाल्केनहोर्स्टवर १९४६ मध्ये ब्रिटिश लष्करी कोर्टात खटला चालला तो हाच की हिटलरचा कमांडो आदेश त्याने पुढे चालवला. मृत्युदंड झाला, नंतर तो वीस वर्षांच्या कैदेवर आणला आणि १९५३ मध्ये सुटका झाली. साध्या कपड्यात फेरीवर गेलेल्या तिघांना मात्र हे संरक्षण नव्हतं, पकडले असते तर जर्मनांना त्यांच्यावर खटला चालवता आला असता. आपल्याकडे १९४२ मध्ये भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे टॉवर पाडले, त्यांनाही कुणी युद्धकैदी मानणार नव्हतं, २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर त्यांना गोळ्याच घातल्या. पण संरक्षण नाही म्हणजे टार्गेट अवैध, असं होत नाही. टॉवर टॉवरच राहतो आणि ड्रम ड्रमच.

दुसऱ्या प्रश्नासाठी माझी कसोटी एकच आहे: त्या दिवशी तिथे साधी माणसं आलीच नसती तर हल्ला करणाऱ्याला बरं वाटलं असतं, की त्याचा बेत फसला असता? फेरी रिकामी असती तर हाउकेलिडला हायसं वाटलं असतं, माल तसाही बुडालाच असता. २६/११ ला सीएसटीचा हॉल रिकामा असता तर मारेकऱ्यांना करायला काही कामच उरलं नसतं, कारण प्रवासीच त्यांचं टार्गेट होते. १९७७ च्या जिनिव्हा पूरक करारातलं कलम ५१ हेच सांगतं, की ज्या हिंसेचा मुख्य हेतू नागरिकांमध्ये दहशत पसरवणं आहे ती मनाई आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही, पण या एका तत्त्वावर वाद घालणारं मला तरी कुणी भेटलेलं नाही. अशी हिंसा कुठल्याही कारणासाठी युद्धात बसत नाही. आपल्या बाजूच्यांनी केली तरी नाही.

आणि आता तो बॉम्बहल्ला. १६ नोव्हेंबरला विमानांनी फेरीपेक्षा जास्त नागरिक मारले आणि साधलं त्याहून कमी, पण त्याला दहशतवाद तर सोडाच, कुणी घातपातसुद्धा म्हणत नाही. विमानातून पडला म्हणून तो युद्ध, अलार्मच्या घड्याळाने उडाला म्हणून तो काहीतरी खालच्या दर्जाचा, ही वर्गवारी मला अजिबात मान्य नाही. एकच माप दोघांना लावा: टार्गेट लष्करी उपयोगाचं होतं का, मरणारी माणसं त्या उपयोगाच्या मानाने किती, आणि ती वाचवायला खरोखर काय केलं. या मापावर चष्म्याची धाड सगळ्यात वर, फेरी मधे, आणि बॉम्बिंग सगळ्यात खाली जातं.

म्हणून मी फेरीला वैध युद्धकृत्य मानतो, पण मान्य करताना अडखळतो, आणि अडखळायचं कारण पुढच्या भागात आहे.

वेगळं काय करता आलं असतं

रविवार निवडणं, बोट काही मिनिटं तरंगेल असं बघणं, हे बरोबरच. पण तिथल्या पाण्यात त्या महिन्यात माणूस किती वेळ टिकतो हे स्थानिकांना माहीत होतं. कुणा शेतकऱ्याला काही न सांगता एखाद-दोन होड्या त्या वेळी पाण्यात असतील अशी सोय, मासे पकडायच्या नावाखाली म्हणा, करता आली असती का? धोका होता, पण बोटीला भोक पाडायला गुडघाभर पाण्यात बसणाऱ्यांना झेपणार नाही एवढा मला तो वाटत नाही.

दुसरं, आईला घरी ठेवणं. मुलगा म्हणून त्याला दोष देणारा मी कोण. पण प्रवाशांच्या जीवाची किंमत ठरवताना आपला माणूस वेगळा काढला की हिशोब बदलतो, आणि असे निर्णय ज्याचं कुणीच त्या बोटीवर नाही आणि ज्याचं कुणीतरी आहे अशा दोघांनी मिळून घ्यायला हवेत. गटात दोन्ही प्रकारची माणसं होती हे खरं तर चांगलं होतं, कारण लंडनला प्रश्न गेला तो स्थानिकांच्या काळजीमुळेच.

तिसरं म्हणजे लंडन. स्थानिकांनी विचारलं तेव्हा त्यांच्याकडून एक गोष्ट राहून गेली: फेरी वगळून समुद्रात जहाज गाठायची तयारी किती पक्की आहे हे आधी सांगा, असं दडपून विचारायला हवं होतं. ती पक्की असती तर फेरीची गरज किती उरली असती हा प्रश्न उघडा राहतो. आजच्या नियमात, त्याच कराराच्या कलम ५७ मध्ये, हल्ला आखणाऱ्यावर हेच बंधन आहे की सारखाच लष्करी फायदा देणारे पर्याय असतील तर नागरिकांना सगळ्यात कमी धोका असलेला घ्यायचा. इथे आखणारे होते लंडनला आणि नागरिक ओळखीचे होते ते बॉम्ब ठेवणाऱ्यांना. आदेश देणाऱ्याने त्या उत्तरात पर्याय का फेटाळले याची चार वाक्यं तरी लिहायला हवी होती, वायरलेसवर वेळ कमी असतो हे मान्य करूनसुद्धा.